जोडीच्या तारांमधला हेलकावा

प्रश्न असा आला आहे: ‘तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जुळवताना सूर अगदी जवळ आले की “वँऽव, वँऽव” असं काहीतरी ऐकू येतं. तारा आणखी जुळत गेल्या की ते संथ होतं आणि शेवटी थांबतं. याला मराठीत शब्द कोणता? “आंदोलन” म्हटलं तर चालेल का?’

आंदोलन नको. गाणाऱ्यांच्या भाषेत तो शब्द पक्का बसलेला आहे. दरबारीचा कोमल गंधार आंदोलित असतो, म्हणजे तिथे सूरच सावकाश वरखाली झुलतो आणि गाणारा तो मुद्दाम झुलवतो. जोडीच्या तारांत असं काही होत नाही. दोन्ही तारा आपापल्या जागी स्थिर असतात, एक 138 कंपनांवर आणि दुसरी 139 वर, असं समजा. त्यांची कंपनं कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना खोडतात, म्हणून आवाज भरतो आणि ओसरतो. सेकंदाला जितक्या कंपनांचा फरक, तितक्या वेळा. इथे सेकंदाला एकदा. शिवाय संगीतशास्त्राच्या मराठी पुस्तकांत कंपनसंख्येलाच ‘आंदोलनसंख्या’ म्हणतात. मग ‘आंदोलनसंख्यांतल्या फरकाइतकी आंदोलनं’ असं वाक्य होईल आणि वाचणारा गोंधळून जाईल.

हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘विस्पंद’ आहे. शास्त्रीय लेखनात तो घ्यायला माझी हरकत नाही. पण तो इंग्रजी ‘बीट’च्या वाटेने आलेला वाटतो, आणि बीट म्हणजे ठोका. स्पंदही नाडीचा, हृदयाचा. ठोक्याला सुरुवातीची धार असते. तारांमधल्या या आवाजाला ती नाही. तो कधी सुरू झाला हे बोट ठेवून सांगताच येत नाही.

इतर भाषांनी काय ऐकलं ते पाहण्यासारखं आहे. जर्मनमध्ये याला ‘श्वेबुंग’ म्हणतात, तरंगणं या अर्थाच्या क्रियापदावरून. युरोपातल्या चर्चच्या ऑर्गनमध्ये किंचित बिनसलेल्या नळ्यांचा एक संच असतो. तो इतर नळ्यांबरोबर वाजवला की सूर मुद्दाम असा डुलतो. त्याचं लॅटिन नाव ‘उंडा मारिस’, म्हणजे समुद्राची लाट. आणि बालीच्या गामेलानमध्ये तर हाच वाद्यवृंदाचा प्राण. तिथे धातूच्या पट्ट्यांची वाद्यं जोडीने घडवतात, एक थोडं खाली, एक थोडं वर. त्यातून उठणाऱ्या डुलण्याला ‘ओंबाक’ म्हणतात. त्याचाही अर्थ लाट. जोडीतल्या खालच्या वाद्याचं नाव, पेंगुंबांग, भुंग्याच्या नावावरून आलं आहे. किती जवळून ऐकलंय त्या लोकांनी!

मग आपणही ‘लहर’ म्हणावं का? मला मोह होतो, पण ‘ध्वनिलहरी’ हा शब्द शाळेपासून सगळ्यांच्या तोंडी आहे आणि त्या लहरी वेगळ्या. म्हणून माझी पसंती ‘हेलकावा’ला.

हा शब्द मी बनवलेला नाही. ज्यांच्याकडे मी तंबोरा लावायला शिकलो, ते कान तारांकडे ठेवून म्हणायचे, ‘थांब, अजून हेलकावे खातोय.’ खुंटी सोडून द्यायला लावायचे, कारण या टप्प्यावर खुंटीचा हात जड पडतो. मग घोडीखालचा मणी नखाने, खरोखर केसभर, सरकवायचा. हेलकावा लांबला तर दिशा बरोबर. आखूड झाला तर उलटी. मूळ सुरात तो थांबला असं वाटलं तरी ते जवारीतून, म्हणजे घोडीवरच्या दोऱ्यामुळे तारेला येणाऱ्या झंकारातून, निघणारे वरचे सूर ऐकायला सांगत. फरक पाचपट बारीक दिसतो तिथे: मूळ सूर पाच सेकंदांत एकदा डुलत असेल, तर त्याच्या पाचव्या पटीचा सूर, म्हणजे तो वर तरळणारा गंधार, दर सेकंदाला डुलतो. तोही शांत झाला की एकच शब्द यायचा, ‘मिळाली.’

इथे मला मराठीची एक गंमत दिसते. हा आवाज थांबण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत: तार मिळाली, जोड जुळली, तंबोरा लागला. सूर किती चुकला हे सांगायला ‘कणसूर’सारखा नेमका शब्दही आहे. पण चुकलेल्या दोन सुरांमधून उठणाऱ्या या आवाजाला रुळलेलं नाम नाही, कारण लावणाऱ्याला तो घालवायचा असतो. क्रियापदावर भागत होतं. ‘हेलकावे खाणे’ होतंच. त्यातलं नाम उचललं की झालं. ते मोजताही येतं: सेकंदाला तीन हेलकावे. होडीचा हेलकावा डोळ्यांपुढे असल्यामुळे भरणं-ओसरणं समजावून सांगावं लागत नाही.

एक मर्यादा मात्र मानायला हवी. मधल्या सप्तकातल्या काळी एकच्या (पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जावर हार्मोनियमचा पंचम धरा. हे दोन सूर लांबचे, पण त्यांच्यातून निघणाऱ्या वरच्या सुरांपैकी एकेक अगदी जवळ येतात. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांचं, त्यामुळे तो पंचम किंचित उतरा असतो आणि साधारण सेकंदाला एक हेलकावा येतो, संथ, सहज मोजण्याजोगा. त्याच षड्जावर पेटीचा शुद्ध गंधार धरला तर तो बराच चढा पडतो आणि सेकंदाला जवळजवळ अकरा वेळा आवाज भरतो-ओसरतो. कारण तेच, पण याला हेलकावा म्हणवत नाही. तिथे कान मोजणं सोडतो आणि सूर खरखरीत लागतो. त्याला मी ‘थरथर’ म्हणेन.