झेडएसएम-5 वरचं प्लॅटिनम इतक्या लवकर काळं का पडतं?

तुम्ही विचारलंय: 'प्रोपेनपासून प्रोपिलीन करायला झेडएसएम-5 वर प्लॅटिनम बसवलंय. 600 अंशांवर पहिला अर्धा तास बरा जातो, मग कॅटॅलिस्ट काळाकुट्ट. प्लॅटिनम वाढवू का?'

नका वाढवू, पैसे फुकट जातील. घोळ आधी झिओलाइटमधल्या (झेडएसएम-5 हा असाच बारीक भोकांचा, सिलिकॉन-ॲल्युमिनियम-ऑक्सिजनचा स्फटिक) ॲल्युमिनियमचा आहे.

मुंबईत एमएससीच्या प्रोजेक्टला मी हेच करत होतो. जुलैत भट्टीतून काढलेलं झेडएसएम-5 काट्यावर ठेवलं की आकडा थांबायचाच नाही, हवेतलं पाणी पीत चढतच राहायचा. सिलिकालाइट-1 ठेवलं की जवळजवळ जागच्या जागी. सांगाडा दोघांचाही तोच, एमएफआय नावाचा, भोकं साधारण 0.55 नॅनोमीटरची. पण सिलिकालाइटमध्ये ॲल्युमिनियम नाही, म्हणून त्यामुळे तयार होणारी आम्लाची ठिकाणंही नाहीत. पाणी त्या ठिकाणांना धरतं, तसंच प्रोपिलीनही. तिथे रेणू एकमेकांना जोडत जातात, रिंगा होतात आणि शेवटी कोक, म्हणजे तो काळा कार्बनचा थर. जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) मीथेन आणि इथिलीन जवळपास सारख्या मोलमध्ये येतायत का बघा. येत असतील तर प्रोपेनमधला कार्बन-कार्बन बंधच तुटतोय. मात्र आधी रिकामी क्वार्ट्झ नळी चालवून बघा, एवढ्या तापमानाला थोडं तर नुसत्या उष्णतेनेही तुटतं. (मी हे केलं नव्हतं. गाइडांनी तीन आठवड्यांचा डेटा परत करायला लावला.)

तापमान उतरवूनही भागत नाही. प्रोपेनमधून हायड्रोजन काढायला एका मोलमागे सुमारे 124 किलोज्यूल उष्णता लागते, खाली आलात की समतोलच आडवा येतो, प्रोपिलीन कमीच बनतं.

आता प्लॅटिनम. एकटं असलं तर शेजारी-शेजारी अणूंचे पुंजके होतात. प्रोपिलीन त्यांना घट्ट चिकटतं आणि त्याचे उरलेले हायड्रोजनही ओरबाडले जातात. कथील किंवा जस्त मिसळलं की पुंजके विरळ होतात आणि प्रोपिलीन वेळेत सुटतं. उद्योगात ॲल्युमिनावर प्लॅटिनम-कथील वापरतात ते यासाठीच.

बसवायची पद्धतही बदला. नुसतं भिजवून वाळवलंत तर बराच धातू स्फटिकाच्या बाहेरच राहतो आणि तापवल्यावर त्याचे गोळे होतात. त्यापेक्षा प्लॅटिनमला एथिलीनडायमाइनने बांधून सिलिकालाइट ज्यातून वाढतं त्या जेलमध्येच घाला, म्हणजे अल्कलीत ते खाली बसणार नाही आणि स्फटिक त्याच्याभोवती वाढेल. हे जमायला मला चार बॅच लागल्या. पहिल्या दोन ऑटोक्लेव्हमधून (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यातून) करड्या चिखलासारख्या निघाल्या होत्या.