फॉरमॅट मारण्याआधी सी ड्राइव्हमध्ये डोकावा

प्रश्न : लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकलं तर पूर्वीसारखा पळेल का?

आधी टास्क मॅनेजर उघडा आणि काहीही चालू नसताना डिस्कचा आकडा बघा. तो शंभर टक्क्यांवर चिकटून बसला असेल आणि आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर फॉरमॅटने काही आठवडे बरं वाटेल, मग पुन्हा तेच रडगाणं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात ‘पेंडिंग सेक्टर’ (डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे) यासमोर शून्याखेरीज आकडा दिसला, तर फॉरमॅटचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डेटा उतरवून घ्या. डिस्क धडधाकट असली तरी माझा सल्ला एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून तिच्यावर विंडोज टाकण्याचाच राहील. जुनी डिस्क जशीच्या तशी काढून ठेवता येते, म्हणजे काही विसरलं तर परत जायला जागा राहते.

प्रश्न : माझा सगळा डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे. मग सी बिनधास्त फॉरमॅट करू ना?

‘सगळा डेटा डीमध्ये’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्यावर विश्वास ठेवत नाही. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल सीमध्येच असते. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्सही, तुम्ही मुद्दाम जागा बदलली नसेल तर. सीमधलं ‘युजर्स’ फोल्डर उघडून त्यातलं तुमच्या नावाचं फोल्डर अख्खं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, निवडत बसू नका. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड खात्याशी सिंक नसतील तर वेगळे एक्सपोर्ट करावे लागतात. हिशेबाची काही सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात ठेवतात, म्हणून त्यांच्या आतूनच बॅकअप घ्या. युनिकोड नसलेले जुने फॉन्ट वापरत असाल तर तेही घ्या. नाहीतर जुन्या फाइली उघडतील, पण अक्षरांच्या जागी नुसता गिचमिडकाला दिसेल.

याहून मोठी गोम बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि डी ड्राइव्हही त्यात येतो. जुनं विंडोज तो गुपचूप उघडून देत होतं, म्हणून तुम्हाला पत्ताच नव्हता. नवं विंडोज त्याच डीसाठी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फॉरमॅटच्या आधी शोधा आणि कागदावर उतरवा. ती सापडली नाही, तर डीमधला डेटा डोळ्यांसमोर असून हाती लागणार नाही.

प्रश्न : विंडोजच्या सेटअपमध्ये सी, डी असं काही दिसत नाही. नुसतं ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ असं येतं. कोणतं पुसायचं?

तिथे ओळख पटवायला हाताशी असतो तो मुख्यतः आकार. म्हणून विंडोज चालू असतानाच डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागाचा, आकार लिहून ठेवायचा. साधारण चित्र असं असतं : शंभरेक एमबीचं सिस्टिम पार्टिशन, १६ एमबीचं रिझर्व्हड, मग सी आणि एक छोटं रिकव्हरी. सी आणि त्याच्याबरोबरची ही छोटी पार्टिशन काढली, की मोकळी जागा निवडून ‘नेक्स्ट’ दाबायचं. छोटी पार्टिशन सेटअप स्वतःच पुन्हा बनवतो. डी ज्या पार्टिशनवर आहे त्याला हात लावायचा नाही.

मी हे हात पोळूनच शिकलो. मशीनमध्ये एक टीबीच्या दोन डिस्क होत्या आणि सेटअपमध्ये दोन्हींचा आकडा एकच, ९३१ जीबी. (एक टीबी कंपनी दशमानात मोजते, विंडोज १०२४च्या पटीत, म्हणून ९३१.) मी आत्मविश्वासाने फोटोंची डिस्क रिकामी केली. सुदैवाने लगेच लक्षात आलं, मशीन बंद केलं, डिस्क बाहेर काढली आणि टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरने पार्टिशन परत मिळालं. तिच्यावर एकही नवी फाइल लिहिली गेली नव्हती म्हणून निभावलं. तेव्हापासून ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं नाही तिची केबल मी काढूनच ठेवतो.

प्रश्न : सेटअप एकही डिस्क दाखवत नाही. डिस्क गेली का?

बहुधा नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे प्रोसेसर असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सेटअपला स्टोरेजचा ड्रायव्हर (डिस्क ओळखायला मदत करणारं सॉफ्टवेअर) वेगळा द्यावा लागतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर उतरवा, उलगडून सेटअपच्या पेनड्राइव्हमध्ये ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवा. डिस्क दिसते पण ‘जीपीटी’मुळे (डिस्कचे भाग मांडायची नवी पद्धत) अडलं असा संदेश येत असेल, तर पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने बूट झालाय. बूट मेन्यूमध्ये त्याच पेनड्राइव्हची यूईएफआय (बूट व्हायची नवी पद्धत) असलेली नोंद निवडा.

प्रश्न : प्रॉडक्ट की हरवली आहे. आणि टाकू कोणतं, १० की ११?

आधीचं विंडोज १० किंवा ११ ॲक्टिव्हेट असेल तर की लागत नाही. ‘माझ्याकडे की नाही’ निवडा. मात्र होम असेल तर होमच टाका, प्रो असेल तर प्रो. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ११ला चालणारा प्रोसेसर असेल तर ११च.

प्रश्न : लॅपटॉप विकायचा आहे. क्विक फॉरमॅट पुरेल?

फिरणाऱ्या डिस्कवर अजिबात नाही. क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची नोंद नव्याने मांडतो, मजकूर जागेवरच असतो. ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विस्टापासून तो सगळीकडे शून्य लिहितो आणि तेवढं एकदाच पुरे. एक टीबीला दोन-तीन तास सहज जातात. एसएसडीवर मात्र असं घासत बसू नका. बायोसमधला (विंडोजआधी उघडणारी मशीनची सेटिंग्ज) किंवा एसएसडी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला सिक्युअर इरेज वापरा, काम काही मिनिटांत होतं. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या साइटवर जाऊन उपकरणांच्या यादीतून तो लॅपटॉप काढून टाका. हे बहुतेक जण विसरतात.