सीमेवरची लढाई संपल्यावर नेब्रास्कातील फोर्ट रॉबिन्सनचे पुढे काय झाले?

अमेरिकेतील मूळनिवासी (इंडियन) जमातींविरुद्धच्या मोहिमा संपल्यानंतरही फोर्ट रॉबिन्सन सुमारे सहा दशके अमेरिकी सैन्याकडेच राहिले आणि आज ते नेब्रास्का राज्याचे उद्यान आहे. लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या रेड क्लाउड एजन्सीवर (सरकारी कारभाराच्या केंद्रावर) नजर ठेवण्यासाठी १८७४ मध्ये उभारलेल्या या ठाण्यावर ५ सप्टेंबर १८७७ रोजी लाकोटांचा लढवय्या नेता क्रेझी हॉर्स याला कोठडीच्या दाराशी संगीन भोसकण्यात आली आणि त्याच रात्री तो मरण पावला. जानेवारी १८७९ मध्ये अन्न, पाणी व सरपण बंद करून बराकीत कोंडलेल्या शायेन या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकून पळ काढला, त्यांतले कितीतरी बर्फात गोळ्या लागून पडले. ठाणे टिकले ते मात्र घोड्यांमुळे, कारण १९१९ पासून येथे सैन्यासाठी घोडे व खेचरे तयार होत. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी कुत्र्यांचे प्रशिक्षण आणि जर्मन युद्धकैद्यांची छावणीही होती. १९४८ मध्ये सैन्य निघून गेल्यावर कृषी खात्याने १९७१ पर्यंत येथे गोमांस-उत्पादनावर संशोधन केले. आता जुन्या अधिकारी-निवासांत पर्यटक मुक्काम करतात. मात्र ज्या कोठडीपाशी क्रेझी हॉर्सवर वार झाला, ती आज दिसणारी ओंडक्यांची इमारत मूळची नसून पुनर्रचित आहे.