माकडांची रक्ती आव माणसांना लागते का?

देवळाजवळच्या माकडांना रक्त पडून जुलाब होत आहेत, त्यांच्यापासून मुलांना धोका आहे का आणि केळ्यातून मेट्रोनिडाझोल हे औषध द्यावे का, असे आपण विचारले आहे. धोका आहे. मात्र माकडांना हा आजार कोणी दिला, हे सहसा कोणीच विचारत नाही.

मी पशुवैद्यक असून पूर्वी एका प्राणिसंग्रहालयात नोकरीला होतो. एका पावसाळ्यात तेथील तीन माकडांना शेम आणि ताजे रक्त पडू लागले. त्यांतले एक पिल्लू शोष पडून दुसऱ्याच दिवशी दगावले. गुदद्वारातून घेतलेल्या पहिल्या दोन नमुन्यांत काहीही आढळले नाही, कारण या आजाराचा जंतू नमुन्यात लवकर मरतो. तिसऱ्यात शिगेला फ्लेक्सनेरी हा रक्ती आव घडवणारा जंतू सापडला. मदाऱ्याकडून सोडवून आणलेल्या नव्या नराने रोग आणला, असे अधिकाऱ्यांनी तत्काळ ठरवून टाकले. वास्तविक या कुळातला पहिला जंतू कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये जपानमधील साथीत माणसांच्याच विष्ठेतून शोधला होता, आणि माणसांपासून दूर राहणाऱ्या रानातल्या माकडांत शिगेला क्वचितच आढळतो. लागण व्हायला १० ते १०० जंतूही पुरतात, म्हणजे न धुतलेल्या हातांनी सोललेले एक केळेसुद्धा पुष्कळ झाले. आमच्याकडे फळे कापणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच आठवड्यात जुलाब होत होते, पण पगार कापला जाईल या भीतीने तो रोज कामावर येत होता. त्याची शौचतपासणी करावी, हा माझा लेखी अर्ज शेवटपर्यंत टेबलावरच पडून राहिला.

तो नर लक्षणे न दाखवता जंतू बाळगून असेल आणि जागा बदलल्याच्या ताणामुळे जंतू बाहेर टाकू लागला असेल, हेही शक्य आहे. पण मग तो जंतू त्या नराला मदाऱ्याच्या घरीच लागला असणार, नाही का?

मेट्रोनिडाझोल देऊ नये; शिगेलावर त्याचा उपयोग होत नाही. अर्थात आपल्याकडील आजार कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला किंवा उंदीर-पक्ष्यांमार्फत पसरणाऱ्या येर्सिनिया या जंतूंचाही असू शकतो, आणि कल्चर केल्याशिवाय, म्हणजे विष्ठेतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्याशिवाय, ते कळत नाही. म्हणून वन विभागाला कळवावे, मुलांना विष्ठेपासून दूर ठेवावे, हाताने खाऊ घालणे थांबवावे. आणि माकडांना पकडून नेण्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी प्रसाद वाटणाऱ्यांची शौचतपासणी करून घ्यावी, तसेच देवळाच्या टाकीतले पाणीही तपासून घ्यावे.