वाचकांचे प्रश्न : कपाटभर केसपेपर संगणकावर कसे न्यावेत?

प्रश्न : आम्ही दोन डॉक्टर मिळून दवाखाना चालवतो. पुढच्या महिन्यापासून रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवणार आहोत. आधी सगळे जुने केसपेपर स्कॅन करावेत का? आणि हात बसेपर्यंत कागदही चालू ठेवावा का?

उत्तर : सगळे स्कॅन करण्यात पैसा आणि वेळ जातो, हाती फारसे लागत नाही. स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्यातली पेनिसिलिनची ॲलर्जी सॉफ्टवेअरला कळत नाही, म्हणून त्याच गटातले ॲमॉक्सिसिलिन लिहिताना इशाराही येत नाही.

त्यापेक्षा उद्या येणाऱ्या रुग्णांचेच केसपेपर आज काढा. ॲलर्जी, चालू औषधे मात्रेसह, जुनाट आजार आणि झालेल्या शस्त्रक्रिया एवढे टाइप करून घ्या. डॉक्टरांनी ते रुग्णासमोर पडताळावे, कारण केसपेपरवरची औषधे बऱ्याचदा केव्हाच बंद झालेली असतात. ॲलर्जी नसेल तर तसे नोंदवा. रकाना रिकामा दिसला की विचारलेच नाही की ॲलर्जी नाही, हे पुढच्याला समजत नाही. आजार मात्र यादीतून निवडा. एकाने ‘शुगर’, दुसऱ्याने ‘मधुमेह’ लिहिले, तर एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी) तपासणी राहिलेल्यांची यादी कधीच पूर्ण निघणार नाही. स्कॅन करायचेच तर शेवटचे डिस्चार्ज कार्ड, जुना ईसीजी, बायॉप्सीचा रिपोर्ट. बाकीचे कागद कपाटात जपून ठेवा.

दोन्हीकडे लिहिणे टाळाच. बदललेला डोस एकीकडे चढतो, दुसरीकडे राहून जातो आणि मग खरे कोणते, हा वाद. एक तारीख ठरवा. त्यानंतर केसपेपर फक्त वाचायला. पहिले दोन आठवडे अपॉइंटमेंट निम्म्या ठेवा. गर्दीत मागच्या भेटीची नोंद जशीच्या तशी चिकटवण्याचा मोह होतो, आणि बरा झालेला खोकला वर्षभर नोंदीत खोकत राहतो!

वीज किंवा नेट गेले तर? कोरे फॉर्म हाताशी ठेवा, शिवाय दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांची औषधे व ॲलर्जी रोज संध्याकाळी छापून ठेवा. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे हवे, नाहीतर कोणी काय बदलले ते सापडत नाही.

करारावर सही व्हायची असेल, तर सॉफ्टवेअर सोडताना सगळा डेटा दुसऱ्या प्रणालीत वाचता येईल अशा स्वरूपात, किती दिवसांत आणि किती शुल्कात मिळेल, हे त्यात लिहून घ्या. फक्त पीडीएफ देऊ म्हणाले, तर मान्य करू नका.