उरलेल्या तिघांना कुठे बसवायचं?

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूत तिला २३ नंबरांची सरळ यादी देऊन पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ५-५ च्या ओळींत मांडायला सांगितली. प्रोग्रॅम एरर देऊन थांबला, निवड झाली नाही. आता ‘मला कोडिंग जमतच नाही’ म्हणते. डेटा सायन्सचा कोर्स लावू, की बँकेच्या परीक्षांना बसवू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तूर्तास दोन्ही नको. आधी नेमकं कुठे अडलं ते बघू.

माझा अंदाज असा, की तिने लूपमध्ये (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचनेत) आणखी एक लूप घातला, बाहेर पाच ओळी, आत पाच घरं. म्हणजे झाली २५ घरं आणि नंबर २३. चार ओळी बिनबोभाट भरल्या, पाचवीत तीन नंबर बसले आणि चौथ्या घराला यादीच संपली. ‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’ म्हणतात तो हाच एरर. याला कोडिंग न जमणं म्हणत नाहीत.

तिला कागद द्या आणि परीक्षेच्या वर्गासारखे बाक काढायला सांगा. मोजणी शून्यापासून. १७ व्या क्रमांकाचा मुलगा कुठे बसेल? १७ भागिले ५, भागाकार ३, बाकी २. भागाकार म्हणजे ओळ, बाकी म्हणजे ओळीतली जागा. पायथनचं ‘डिव्हमॉड’ हे दोन्ही एकदम देतं. (बाक शोधायला बाकी लागते, हा विनोद आमच्या गणिताच्या सरांचा.) आता नंबर आडवे न टाकता वरून खाली टाकले, एका रांगेत पाच, तर? गणित तेच, फक्त भागाकार आणि बाकीचे अर्थ उलटतात. हे तिने स्वतः शोधू दे, सांगू नका.

मग कोड. ०, ५, १०, १५, २० पासून पाच-पाचचे तुकडे कापायचे. असा तुकडा म्हणजे स्लाइस; ती यादीच्या पुढे गेली तरी पायथन कुरकुर करत नाही, शेवटचा तुकडा तिघांचा देतं. नंबर पाच-पाचच्या गटांत गुंफणारी ‘झिप’ची प्रसिद्ध युक्ती मात्र त्या तिघांना गुपचूप गाळते आणि नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचं, यादीला ओळी-रांगांचा आकार देणारं ‘रीशेप’ २३ ची ५ च्या ओळींत मांडणी करायला साफ नकार देतं. तीन रस्ते, तीन वेगळी उत्तरं. म्हणून लिहायच्या आधी विचारायचं होतं, ‘सर, शेवटची ओळ अर्धी ठेवू, की रिकाम्या जागा भरू?’ इंटरव्ह्यू घेणारे पुष्कळदा या प्रश्नाचीच वाट बघत असतात. आपल्याकडची मुलं विचारायला बिचकतात, कारण शाळेत पेपर हातात पडल्यावर बोलायची सोय नसते.

तेव्हा कोर्सचे पैसे राहू द्या. महिनाभर रोज असा एक छोटा प्रश्न, आधी कागदावर, मग मशीनवर आणि तुमच्यासमोर मोठ्याने समजावून. तुम्हाला पायथन येत नाही हे उत्तमच, तिला सोपं करून सांगावं लागेल. महिन्यानंतरही तिला कंटाळाच येत असेल, तर बँकेचं बोलू. तेव्हा पुन्हा लिहा.