कॉमिक्सचं परीक्षण: कुणाचं काय, आणि ते कधी लिहायचं

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. ‘वॉचमेन’ लिहिणाऱ्या ॲलन मूरच्या मुलाखती वाचल्या की हा माणूस कॉमिक्सच्या धंद्यावर आणि समीक्षेवर उगाच इतका का तापलेला आहे असं वाटतं, त्यात तथ्य किती, हा पहिला. आणि तुम्हाला स्वतःला मराठीत कॉमिक्सची परीक्षणं लिहायची आहेत, तर नेमकं बघायचं काय, हा दुसरा. मी दोन्ही एकत्रच घेतो. धंदा कसा चालतो हे माहीत नसेल, तर परीक्षण चुकीच्या माणसाच्या नावावर लिहिलं जातं आणि चुकीच्या दिवशी छापलं जातं. माझ्या मते मूरच्या तक्रारीतला टिकणारा भाग हाच आहे.

आधी समीक्षेबद्दल. 1985 च्या सुमारास मूरने कॉमिक्स कसं लिहावं यावर एक मोठा निबंध लिहिला. त्यातला एक मुद्दा आजही तितकाच लागू आहे: कॉमिक्सबद्दल बोलताना सगळे शब्द सिनेमाकडून उसने घेतले, तर कॉमिक्स म्हणजे फार तर न हलणारा सिनेमा ठरतो. आजही परीक्षणं उघडून बघा. ‘कॅमेरा वर जातो’, ‘क्लोजअप’, ‘एडिटिंग फास्ट आहे’. पण वाचक चौकटीवर थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, समोरासमोरची दोन पानं एकदम बघू शकतो. चित्र एक सांगत असतं, त्याच चौकटीतला मजकूर भलतंच सांगत असतो आणि दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात. थिएटरात हे होत नाही.

उदाहरण म्हणून ‘वॉचमेन’ या मूरच्या सुपरहिरो मालिकेच्या पहिल्या अंकाचं पहिलं पान घ्या (1986, चित्रं डेव्ह गिबन्सची, रंग जॉन हिगिन्सचे). पानावर सात चौकटी आहेत: वरच्या दोन ओळींत तीन-तीन आणि खाली एक आडवी रुंद. पहिल्या चौकटीत रस्त्याच्या कडेला रक्तात पडलेला पिवळा हसरा बिल्ला. मग प्रत्येक चौकटीत आपण थोडे थोडे वर जातो. एक माणूस पाइपने फुटपाथवरचं रक्त धुतोय, फलक घेतलेला एक जण त्या रक्तातूनच चालत जातो, आणि शेवटी आपण इतके वर पोचतो की खिडकीतून खाली वाकलेल्या माणसाचं टक्कल दिसतं. सोबत रॉर्शाक या पात्राच्या डायरीतला मजकूर चालू आहे. त्यात शहराची गटारं रक्ताने भरल्याचं येतं, आणि चित्रातही गटाराच्या कडेला रक्त आहे. लिहिणारा लोकांकडे वरून खाली बघण्याची भाषा करतो, तोवर आपण खरोखरच वर गेलेलो असतो. शेवटच्या चौकटीत मजकूर संपतो आणि खिडकीतला माणूस, एवढ्या उंचावरून पडला, इतकंच म्हणतो. ‘कॅमेरा वर जातो’ एवढं लिहून थांबलात तर शब्द आणि चित्र यांचा हा जो सांधा आहे तोच निसटतो.

हे पान कुणाचं? परीक्षणांत ते बहुतेक वेळा मूरच्या खात्यावर जमा होतं, आणि त्याला थोडं कारणही आहे. त्याच्या संहिता अवाढव्य असत. या एका अंकाची संहिता शंभरावर टंकलिखित पानांची होती, ओळींत मोकळी जागा न सोडता भरलेली. गिबन्स आधी त्या पानांवर क्रमांक टाकायचा (गठ्ठा हातातून सुटला तर लावता यावा म्हणून) आणि मग हायलायटरने संवाद वेगळे, चित्रांची वर्णनं वेगळी करत बसायचा. पण पुढचं ऐका. पानावर नऊ सारख्या चौकटींची जाळी वापरायची (पहिल्या पानावर खालच्या तिन्ही जोडून एक रुंद केली आहे) ही निवड गिबन्सची; मूरने ती स्वीकारली, कारण तिच्यामुळे कथेचा वेग त्याच्या हातात राहत होता. तो हसरा बिल्लाही गिबन्सचाच. कॉमेडियन या पात्राचा पोशाख फार जड दिसत होता, तो हलका करायला त्याने बिल्ला लावला, रक्ताचा शिंतोडा नंतर आला. अक्षरलेखनही त्याचंच: रॉर्शाकच्या संवादाच्या फुग्याची कड खरबरीत, डॉक्टर मॅनहॅटनचा फुगा निळा. जांभळा, तपकिरी, हिरवा असे दुय्यम रंग मुद्दाम पुढे आणून सुपरहिरोंच्या नेहमीच्या लाल-निळ्या-पिवळ्यापासून पुस्तक वेगळं काढलं ते हिगिन्सने. या मालिकेची जगभर ओळख ठरलेली खूण लेखकाची नाहीच, हे बहुतेक परीक्षणांत सापडत नाही.

म्हणून पहिलं काम: श्रेयनामावली वाचा, आणि काम कोणत्या पद्धतीने झालं ते शोधा. पूर्ण संहितेत लेखक चौकटीगणिक सगळं लिहून देतो. साठच्या दशकातल्या मार्व्हलमध्ये वेगळी रीत होती. स्टॅन ली कथेचा सांगाडा द्यायचा, कधी तोंडीच. चित्रकार तो पानांत आणि चौकटींत वाटायचा, प्रसंग रचायचा, आणि चित्रं तयार झाल्यावर ली फुगे भरायचा. म्हणजे ‘लेखक: स्टॅन ली’ असं छापलं असलं तरी कथेची मांडणी चित्रकार जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिटकोने केलेली असू शकते. स्पायडरमॅनवर डिटकोला कथानकाचं श्रेय छापून मिळालं ते 1965 मध्ये. अशा अंकाची गती चांगली आहे म्हणून लेखकाची पाठ थोपटणं सरळ चूक आहे.

आपल्याकडेही हीच सवय आहे. इंद्रजालमधला वेताळ कुणाचा, असं विचारलं की ली फॉकचं नाव येतं, आणि निर्मिती त्याची आहेच. पण आपल्या पिढ्यांनी जी कवटीची गुहा डोळ्यांत साठवली ती बरीचशी साय बॅरीने काढलेली. अमर चित्रकथा म्हटलं की अनंत पै आठवतात. ‘कृष्ण’ची चित्रं राम वाईरकरांची आहेत हे किती परीक्षणांत येतं?

लेखकाचं काम मोजायचं असेल तर शब्द मोजा. मूर एक जुना हिशोब सांगतो, सुपरमॅनचा संपादक मॉर्ट वाइझिंगरकडून आलेला: सहा चौकटींच्या पानावर चौकटीला जास्तीत जास्त 35 शब्द, म्हणजे पानाला 210. दोनच चौकटी असतील तर प्रत्येकी 105, नऊ असतील तर 23-24. एका फुग्यात साधारण 25 च्या वर जायचं नाही. ‘संवाद जड वाटतात’ असं लिहिण्याआधी तीन पानं मोजून बघा. कधी शब्द खरंच जास्त निघतात, कधी शब्द बरोबर असतात पण फुगे चुकीच्या क्रमाने बसलेले असतात. दुसरा दोष चित्रकाराचा किंवा अक्षरलेखकाचा, लेखकाचा नव्हे. फुगा चेहऱ्याला खेटला, दोन फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदल्या, उत्तर प्रश्नाच्या वर बसलं, की वाचक अडखळतो आणि ठपका कथेवर येतो. मराठी अनुवादांचं परीक्षण करताना तर हे आधी बघा. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे ओळींत जास्त अंतर सोडावं लागतं. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी कोंबलं की अक्षर बारीक करावं लागतं किंवा वाक्य छाटावं लागतं. वाक्य तुटक वाटलं तर दोष अनुवादकाचा की फुग्याचा, हे मूळ पान शेजारी ठेवूनच ठरवता येतं.

आता वेळेबद्दल. अमेरिकेत पूर्वी कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर जायची, न खपलेले अंक परत जायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फिल सूलिंगने कॉमिक्सच्या खास दुकानांसाठी थेट खरेदी सुरू केली: सूट जास्त, पण माल परत नाही. या व्यवस्थेत न खपलेला अंक दुकानदाराच्या गळ्यात राहतो, म्हणून तो बेतानेच मागवतो आणि फार आधी मागवतो. किती प्रती हव्यात याची नोंदणी दोनेक महिने आधी सुरू होते, तो आकडा बदलायची शेवटची मुदत अंक येण्याच्या साधारण तीन आठवडे आधी असते.

मासिक मालिकेचा हिशोब मांडा. पहिला अंक बुधवारी दुकानात आला. दुसरा 28 दिवसांनी येणार. त्याच्या आकड्याची मुदत तीन आठवडे आधी, म्हणजे पहिला अंक आल्यावर आठवड्याभरात संपते. तुमचं परीक्षण दहाव्या दिवशी आलं तर पहिल्या अंकाला त्याचा फायदा नाहीच, दुसऱ्याची संधीही गेलेली असते, आणि तिसऱ्याचा आकडाही दुकानदाराने अंदाजाने लिहून ठेवलेला असतो. चांगल्या मालिका पाचव्या-सहाव्या अंकात गुंडाळल्या जातात त्यामागे अनेकदा हेच असतं: वाचकाने नाकारलं असं नाही, वाचकापर्यंत बातमीच उशिरा पोचली. त्यामुळे नव्या, अनोळखी लेखक-चित्रकारांचं परीक्षण लिहायचं तर आगाऊ प्रत मागून मुदतीच्या आधी लिहा, किंवा सरळ संग्रह (अंक एकत्र करून काढलेलं पुस्तक) येईपर्यंत थांबून पूर्ण कथानकावर लिहा. मधलं परीक्षण कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

खपाचे आकडे देतानाही जपून. ते बहुतेक वेळा दुकानांनी मागवलेल्या प्रतींचे असतात, वाचकांनी विकत घेतलेल्या प्रतींचे नव्हे. ‘25 प्रती घेतल्या तर एक वेगळं मुखपृष्ठ’ अशा योजनांनी आकडा फुगतो आणि त्यातल्या प्रती दुकानाच्या मागच्या खोलीत पडून राहतात.

मूरचा खरा राग हक्कांवर आहे. सुपरमॅनचे हक्क त्याचे निर्माते सीगल आणि शुस्टर यांनी 1938 मध्ये 130 डॉलरला दिले. ‘वॉचमेन’चा करार त्या मानाने चांगला वाटत होता: छपाई थांबली की ठरावीक मुदतीनंतर हक्क मूर आणि गिबन्सकडे परत. तेव्हा कॉमिक्सचे संग्रह वर्षानुवर्षं छापत राहण्याची रीतच रुळलेली नव्हती, म्हणून हे कलम भक्कम वाटलं. 1987 मध्ये संग्रह आला, तो खपतच राहिला, छपाई थांबलीच नाही आणि हक्क परत आले नाहीत. त्याच बिल्ल्याच्या प्रतिकृती विकल्या गेल्या, त्या ‘प्रसिद्धीसाठी’ म्हणून दाखवल्या आणि मानधनाचा वाटा दिला नाही, ही मूरची तक्रार. करार मोडला गेला नव्हता. पण ज्या समजुतीवर सही झाली ती राहिली नाही, आणि त्याने पुढे चित्रपटांवरून नाव काढायला लावलं, त्याने लिहिलेल्या ‘मिरॅकलमॅन’ मालिकेच्या पुनर्मुद्रणावर ‘मूळ लेखक’ एवढंच छापायला लावलं, ते मला पटतं.

परीक्षण लिहिणाऱ्याने म्हणून बारीक अक्षरातली हक्कांची ओळ वाचायचीच. ‘वॉचमेन’वर प्रकाशन कंपनीचं नाव आहे. ‘सागा’वर (इमेज, 2012 पासून) ब्रायन वॉन आणि फियोना स्टेपल्स अशी दोघांची नावं आहेत. पहिल्या प्रकारात पात्राचं पुढे काय होणार हे लेखक ठरवत नाही, दुसऱ्यात ते दोघं ठरवतात. ‘लेखकाने शेवट का टाळला?’ या प्रश्नाचं उत्तर कधी कधी त्या ओळीतच असतं.

या विषयावर लिहून काही होत नाही असं मात्र समजू नका. सीगल आणि शुस्टर यांची हलाखी 1975 मध्ये वर्तमानपत्रांत गाजली, सहव्यवसायी मागे उभे राहिले, आणि त्यांना वर्षाला प्रत्येकी 20,000 डॉलर आणि निर्माते म्हणून छापील श्रेय मिळालं. कर्बीची मूळ पानं मार्व्हलकडून परत मिळावीत म्हणून ‘कॉमिक्स जर्नल’ या नियतकालिकाने ऐंशीच्या दशकात लावून धरलं, 1987 मध्ये त्यांतली काही त्याला मिळाली.

एका ठिकाणी मी मूरच्या बाजूने नाही. आजच्या सुपरहिरो कॉमिक्सवर तो सरसकट बोलतो आणि ती आपण वाचत नाही असंही सांगतो. न वाचलेल्या पुस्तकाबद्दलचं मत कितीही मोठ्या लेखकाचं असलं तरी परीक्षणात आधार म्हणून घेऊ नका. कराराबद्दल त्याचा शब्द घ्या, तिथे तो स्वतः होता.

सरावासाठी ‘वॉचमेन’चा पाचवा अंक घ्या. 14 आणि 15 ही मधली दोन पानं उघडा, मग बाहेरच्या दिशेने जात राहा: 13 आणि 16, 12 आणि 17, क्रमांकांची बेरीज दर वेळी 29. चौकटींची विभागणी आरशात बघितल्यासारखी जुळते. आधी फुगे कागदाने झाकून फक्त चित्रं बघा, काय कळलं ते लिहून काढा. मग फक्त मजकूर वाचा, तेही लिहा. शेवटी दोन्ही टिपणं शेजारी ठेवून जे दोन्हींत नाही आणि तरी पानावर आहे त्याच्यावर पहिला परिच्छेद लिहा. तो इथे टाकलात तर नक्की वाचेन.